बाबांच्या गाडीतली ऊब

बुडबुडा मोहरीएवढा होता. धुण्याच्या टबात बुडवलेल्या पितळी पेटीच्या कोपऱ्यात, डाखाच्या रेषेवर तो फुगला, जरा थबकला आणि वर आला. मागोमाग दुसरा. पेटीची एक नळी बुचाने बंद केलेली, दुसरीला सायकलचा पंप. ल्युबिकाने पंपावरचा हात सैल सोडला तसे बुडबुडे थांबले. दाबला, पुन्हा आले. म्हणजे गळती इथेच. निदान अचूक निघाल्याचं समाधान वाटायला हवं होतं... पण टबाच्या तळाशी हिरवट काळा गाळ साचत होता आणि तिची नजर सारखी तिकडेच जात होती.

"उस्ताद, हे काय असावं?"

शेजारचा एलादिओ वाकला. गाडीच्या हीटरचा हा छोटा रेडिएटर दोघांनी मिळून कालच डॅशबोर्डखालून बाहेर काढला होता. त्याने गाळ चिमटीत चोळला, हुंगला आणि खो खो हसत सुटला.

"बाई, हा तर येर्बा, आपल्या रोजच्या चहाचा पाला! तुमच्या वडिलांनी गाडीलाही येर्बा पाजलाय!"

"रेडिएटरमध्ये?"

"माझा म्हातारापण तेच करायचा. पाणी गळायला लागलं की स्वयंपाकघरातून मूठभर आणायचा आणि ओतायचा. पाला फुगतो, भोक बुजतं."

"आणि हीटरच्या बारीक नळ्या?"

"त्याही बुजतात की! गळती बंद, ऊबही बंद. बरं, डाख लावत बसू नका, पत्रा कागदासारखा झालाय. नवाच बसवू, मी कालच मागवलाय, सकाळच्या बसने येईल. संतांच्या दिवशी कामाला लावलंत ते लावलंत, जेवायला तरी घाला."

ती हसली. हात मात्र तसाच पाण्यात राहिला.

थंडीने माणूस टणक होतो — असं बाबा म्हणायचे. मेंढ्यांच्या वाडीकडे जाणारा तो लांबच लांब रस्ता, दोन्ही बाजूंना वाऱ्याने आडवं झालेलं गवत, आणि पुढच्या एकाच लांब सीटवर चौघं: बाबा, त्यांना चिकटून ती, मग आई, आणि दाराशी दानिका. श्वासांची वाफ. बाबांच्या कोटाला मेंढीच्या लोकरीचा वास, आणि त्या कोटात खुपसलेलं तिचं नाक... सुखाला तापमान असतं आणि ते शून्याच्या आसपास असतं, असं तिच्या मनाने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. पुढे रसायनशास्त्र शिकवताना ती जूनच्या भर हिवाळ्यात वर्गाच्या खिडक्या उघडायची. मुलं कुडकुडत, कुरकुरत, आणि ती बाबांचं वाक्य बाबांच्याच आवाजात म्हणायची.

दानिकाने तेच वाक्य ऐकलं होतं, दाराच्या फटीशी बसून. "त्या बर्फाच्या पेटीत मी पाऊल टाकणार नाही," असं म्हणून ती लग्न होऊन सामुद्रधुनीपलीकडे पोर्वेनीरला गेली. दरवर्षी संतांच्या दिवशी, थडग्यांवर फुलं वाहायच्या सणाला, ती बोटीने येई, टॅक्सीने दफनभूमीत जाई, ल्युबिका बाबांच्या गाडीने. दोघी बहिणी बाबांच्या थडग्यापाशी भेटत आणि तिथूनच वेगळ्या होत. यंदा मात्र फोन आला. "टॅक्सीच्या रांगेत गुडघे उभे राहू देत नाहीत गं. ऊब असेल तर तुझ्या गाडीत बसते. नुसतं तोंडदेखलं हो म्हणू नकोस."

म्हणून ल्युबिकाने लिंबाच्या सत्वाने सगळ्या नळ्या धुतल्या होत्या. ऊब आलीही — थोडा वेळ. मग गळणाऱ्या कूलंटचा गोडसर वास, आतून धुरकटलेली काच, पायाखाली ओला गालिचा. इतकी वर्षं पाल्यानेच धरून ठेवलेलं भोक तिने मोकळं केलं होतं.

गायेगोस शहरातून बसने आलेला नवा रेडिएटर जेवणाआधीच बसला. नळ्या चढल्या, पट्ट्या आवळल्या. आतली हवा निघून गुडगुड थांबेपर्यंत ती नळ्या दाबत राहिली.

बोटीच्या धक्क्यावर इंजिन चालू ठेवून ती थांबली होती. पोटऱ्यांवरून कोरडी, उबदार हवा वाहत होती आणि तिला आपण कुणा परक्याच्या गाडीत बसल्यासारखं वाटत होतं.

दानिका वाऱ्याला खांदा देत आली, दार ओढून घेतलं, हातमोजा काढून पंजा जाळीपुढे धरला.

"अगं बाई, हे खरंच गरम आहे!"

"मग? खोटं सांगितलं होतं का?"

"तुझा काय नेम. पण इतकी वर्षं काय झालं होतं याला?"

उत्तर तोंडाशी होतं. पण तिला दिसले ते नेहमीचे करारी बाबा नव्हतेच. तिच्या आजच्या निम्म्या वयाचा एक पुरुष वाऱ्यात गाडीचं झाकण उघडून उभा होता, घराच्या खिडकीत कुणी नाही ना ते बघून येर्बाची पुडी उलटी करत होता. आणि दुसऱ्या दिवशी, पोरींचे दात वाजायला लागल्यावर, 'चुकलं' म्हणता न आल्याने सापडेल ते वाक्य बोलून गेला होता. त्या वाक्यावर ती आयुष्यभर टणक राहिली. दानिकाला सांगितलं तर तिचा राग उतरेल... की तो साधा मूर्खपणा होता आणि तरीही त्याने आपल्याला गारठू दिलं, म्हणून आणखी भडकेल? दोन्ही बरोबरच.

"सांगशील की नाही?"

"सांगते गं. आधी निघू तर दे."

तिने गाडी गिअरमध्ये टाकली. प्रयोगशाळेत एखादा मुलगा फुटलेली परीक्षानळी पाठीमागे लपवून उभा असायचा, कान लाल, चेहरा निर्विकार. अशा वेळी ती क्षणभर दुसरीकडे बघायची, आणि असं दुसरीकडे कुठवर बघत राहावं हे तिला कधीच नक्की कळलं नव्हतं.