शिट्टीचा नियम

इरावतीबाईंचं पत्र तीन आठवडे माझ्या टेबलावर पडून होतं. त्यांच्या दगडमित्र मंडळाची मुलं पोलादपूरजवळच्या बंद खाणीत स्फटिक गोळा करायला जाणार होती. "तुम्ही दर सहलीला आमच्याबरोबर याल का?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. दगडांवरची पुस्तकं मी पुष्कळ वाचली आहेत, खाणीत मात्र फारसा उतरलेलो नाही. काय लिहावं ते सुचेना. उत्तर नाही म्हणजे होकार, असं त्यांनी धरलं आणि रविवारी सकाळी जीप महाडला माझ्या दारात उभी राहिली.

खाणीत त्यांनी प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी अडकवली, माझ्याही. स्फटिक सापडला की ती वाजवायची, मग सगळ्यांनी तिकडे धावायचं.

"आजोबा, तुमची काही आज वाजत नाही हं!" मुलांतला धवल म्हणाला.

समीक्षा कड्याच्या पायथ्याशी एका पोकळीवर हातोडी मारत होती. "आजोबा, ह्यात हाय वाटतं!"

मी वाकलो. आत पंख्यासारखे पसरलेले पांढरे स्फटिक चमकत होते. तेवढ्यात माझ्या टोपीवर बारीक खडी पडली. वर पाहिलं, तर पावसाने भिजलेली माती कड्यावरून सरकत होती. तळीये गाव दरडीखाली गाडलं गेल्यापासून आमच्याकडे अशी माती दिसली की कुणीही तिथे थांबत नाही. ओरडायला गेलो, आवाज फुटेना. म्हणून जीव खाऊन शिट्टी फुंकली.

मुलं धावत सुटली. माझ्याकडे. कड्याखाली.

"आजोबांना सापडला!" सगळ्यात पुढे धवल.

मागे फिरा म्हणून हात हलवले, तर ती आणखी जोरात आली. मी समीक्षाचं मनगट धरलं आणि शिट्टी फुंकतच मोकळ्या जागेकडे पळालो. शिट्टीमागे मुलं वळली.

"अहो आजोबा, पळताय कशाला? दाखवा ना!"

दम पुरत नव्हता. शिट्टी थांबली तर मुलंही थांबतील, एवढंच डोक्यात होतं.

मागे कडा धडाडला.

धुळीत इरावतीबाई मुलं मोजत राहिल्या, पुन्हा पुन्हा. सगळी होती. समीक्षाची हातोडी तेवढी गाडली गेली.

"आता तिकडं जायचं नाय ना?" तिने विचारलं. माझा सदरा तिने सोडला नव्हता.

सोमवारी इरावतीबाईंना उत्तर लिहायला बसलो. "येईन" लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. खाली जोडलं, "पण स्फटिक सापडला तर हाक मारायची. शिट्टी वाजली की कड्यापासून लांब पळायचं."

पत्र टपालपेटीच्या फटीत अडकलं. बोटाने आत ढकललं.