चाकांच्या बादलीतला पिवळा

मित्रांनो, मी एक जुना पिवळा टॉवेल आहे, पण अंग पुसायचा नव्हे. मी मायक्रोफायबरचा, गाडीचा रंग पुसणारा. म्हणजे एके काळी होतो. आता चाकं पुसतो, आणि याला कारण तो करडा. त्याचं नाव काढलं तरी माझे धागे ताठ होतात.

केसाहून बारीक धाग्यांनी मला विणलं आणि भावंडांच्या गठ्ठ्यात बांधून ताईंच्या वर्कशॉपमध्ये पाठवलं. ताई गाड्या धुऊन, वॅक्स लावून चकचकीत करून देतात. गठ्ठा सोडल्यावर त्यांनी आधी मलाच उचललं आणि कात्रीने माझं लेबल कापलं. लेबलाचा कडक कोपरा रंगावर चरा काढतो ना! मला मुळीच दुखलं नाही. आपल्यासाठी कुणी एवढं बघतं, याचंच अप्रूप वाटलं.

काय दिवस होते ते! ताई माझी चौपदरी घडी घालायच्या. एक बाजू मळली की दुसरी. काळ्या गाडीचं बॉनेट म्हणजे माझं राज्य. वॅक्सचा धुरकट थर पुसला की खालून ताईंचा चेहरा उमटायचा.

"तुमच्या हाताला गुण आहे हो," असं गिऱ्हाईक म्हणालं की ताई मला उंच धरायच्या. "माझ्या कसला, या पिवळ्याला आहे!"

मग तो करडा टॉवेल आला. जाड, लुसलुशीत, कडेला शिवणसुद्धा नाही. ताईंनी त्याला तळहातावर फिरवलं, गालाला लावलं. मला कधी गालाला लावलं नव्हतं! नंतर त्यांनी जुन्या सीडीची चकचकीत बाजू त्याने खसाखसा घासली. नवा टॉवेल पारखायची त्यांची हीच रीत. सीडीवर चरा उठला, तर टॉवेल नापास.

"बाबा, बघा तरी, एक चरा नाही!" असं म्हणत त्या सासऱ्यांकडे गर्रकन वळल्या. मी त्यांच्या खांद्यावर होतो. घसरलो आणि थेट फरशीवर पडलो.

आमच्याकडे नियम कडक आहे. जमिनीला लागलेला टॉवेल पुन्हा रंगावर जात नाही, कारण त्यात अडकलेला खडा धुऊनही निघेल याचा भरवसा नसतो. ताई हळहळल्या आणि त्यांनी मला चाकांच्या बादलीत टाकलं. मग त्याच कात्रीने त्याचं लेबल कापलं. तो आवाज मी बादलीतून ऐकला.

तेव्हापासून माझा नुसता जळफळाट. मी खाली ब्रेकची काळी भुकटी खातो आणि तो वर मिरवतो. त्याच्या नावाने मी रोज बोटं मोडली असती, पण बोटंच नाहीत.

एकदा सासऱ्यांनी हौसेने रंगाचे सगळे टॉवेल धुऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी काळी गाडी आली. करडा बॉनेटवर फिरला आणि मागे तेलकट पट्टे! पाणी टिपेना, वॅक्स उचलेना.

"बाबा, धुताना यात काय घातलंत?"

"ते वासाचं गं, मऊ करणारं. चादरींना घालतो तेच. म्हटलं, तुझं काम सोपं होईल."

"अहो, त्याने यांचे धागे बुजतात! एकही राहिला नाही का?"

"चाकांचे तेवढे राहिले."

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी बादलीच्या काठावर धुतलेला, वाळलेला होतो. ताईंनी मला उचललं, पूर्वीसारखी चौपदरी घडी घातली. बॉनेट वीतभर अंतरावर आलं. त्यात मला माझा पिवळा रंग दिसला.

ताई थांबल्या. त्यांनी ती सीडी आणली, मला तिच्यावर घासलं, ती उजेडात धरली. लांबलचक चरा होता.

"नाही रे राजा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मला परत ठेवलं.

गाडीच्या मालकांना त्यांनी उद्या यायला सांगितलं. करड्याला गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुतलं. सकाळी तो ठणठणीत होऊन बॉनेटवर गेला आणि त्याच्यामागून ताईंचा चेहरा उमटला.

मित्रांनो, मला त्याचा हेवा आजही वाटतो. लपवत नाही. पण तो चरा मी पाहिला आहे, आणि तो माझाच होता. म्हणून सांगतो, टॉवेल नीट पारखून घ्या, लेबल कापा, धुताना वासाचं काही घालू नका. आणि चाकाचा टॉवेल चाकालाच ठेवा. मी कितीही हट्ट केला, तरी मला वर नेऊ नका.