भुवयांमधला बिंदू

प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेवरचं चित्र जयवंतीने मोबाइलवर बोटांनी मोठं केलं. हातातला चहा हातातच राहिला.

चित्र चारशे वर्षांपूर्वीचं, चिनी. किंचित वळून उभा असलेला उघडा माणूस आणि माकडहाडापासून पाठीवरून, डोक्यावरून वरच्या ओठापर्यंत गेलेली रेषा. उपचारासाठी सुया टोचायच्या जागांवर बिंदू. तिचे पूर्वीचे मालक शामकांत यांच्या बुकित तिमाहच्या खाजगी संग्रहात दोन वर्षं खपून तिनेच ते दुरुस्त केलं होतं. कपाळापासून नाकापर्यंतचा कागद कसरीने खाल्लेला. तिथे तिने एक छटा फिका, कोरा कागद जोडला होता. हरवलेलं आपण चितारायचं नाही, हा या कामाचा नियम.

आता तिथे भुवया होत्या. नाक होतं. भुवयांच्या मधोमध, रेषेवर, एक बिंदू होता. आणि खाली छापलं होतं : मूळ स्वरूपातील, अखंड.

जुन्या चित्रांत ती रेषा तिथून जाते, पण तिथे बिंदू नसतो. तो या रेषेच्या यादीत आला जेमतेम वीस वर्षांपूर्वी. कुणीतरी दवाखान्याच्या भिंतीवरचा तक्ता पाहून चेहरा भरला होता.

"कळव त्यांना," तिचा नवरा प्रसन्न म्हणाला. "अजून दोन आठवडे आहेत."

"जस्ट टेल हिम, ला," लेक जाईने खोलीतूनच इथल्या इंग्रजीत सल्ला दिला.

जयवंतीने मोबाइल पालथा ठेवला. संग्रहाचं पुस्तक निघालं तेव्हा त्यावर 'संशोधन व जतन : शामकांत' एवढंच होतं. तिने विचारलं, तर ते हसून म्हणाले होते, "अगं, खळ लावणाऱ्यांची नावं छापतात का कुठे?" पुढच्या महिन्यात त्यांनी तिच्या पासचं, म्हणजे नोकरीच्या परवान्याचं, नूतनीकरण केलं नाही. प्रसन्नच्या परवान्यावर राहता आलं, पण कुटुंब शहराच्या टोकाला, वुडलँड्सच्या स्वस्त घरात आलं ते तेव्हा.

चार दिवसांनी त्यांचाच फोन आला. "येशील ना? परदेशातले तीन संग्रहालयवाले येतायत. चित्र पाहिलंस?"

"पाहिलं, सर."

"कसं वाटलं?"

"चेहरा छान आलाय."

"आहेच मुळी!" ते खूश झाले. आणखी काही त्यांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

समारंभाच्या दुपारी ती पहिल्या रांगेत बसली. शामकांत पाऊण तास बोलले. तिच्या अहवालातलीच वाक्यं, अल्पविरामांसकट. प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर तिने हात वर केला आणि शांत इंग्रजीत विचारलं, भुवयांमधला बिंदू या चित्रात कसा?

तैवानहून आलेल्या वयस्क संशोधक बाई उठल्या. भिंग काढून चित्रावरच्या काचेवर वाकल्या. मग त्या सरळ झाल्या. "हा चेहरा नवा आहे," त्या म्हणाल्या. "मग उरलेलं किती जुनं?"

उरलेलं खरं होतं. तंतू न् तंतू तिने वाचवलेलं.

शामकांतांचा चेहरा उतरला. ते वाकून मराठीत पुटपुटले, "जयवंती, सांग ना यांना. काम तुझं होतं. कोरा कागद तू लावला होतास. तुझ्याकडे फोटो असतील."

होते. एकशे बारा, तारखांसकट.

पाहुणे तिच्याकडे वळले. बाईंनी विचारलं, "तुम्ही यावर काम केलंय?"

तिने समोरचं संग्रहाचं जाड पुस्तक उघडलं, नावांचं पान शोधलं आणि बाईंपुढे धरलं.

"यात माझं नाव दिसतं का, पाहा," ती म्हणाली.

बाईंनी पान वाचलं आणि नकारार्थी मान हलवली. जयवंतीने पुस्तक मिटून शामकांतांच्या हातात दिलं आणि पर्स उचलली.