धाकलीच्या पुड्या

जागृतीच्या पिशवीत एक कार्ड असायचं. त्यावर सहा चेहरे काढलेले होते. पहिला खो खो हसणारा, आणि तिथून एकेक पायरी उतरत शेवटचा ढसाढसा रडणारा. सिकलसेलच्या पोरांना किती दुखतंय ते शब्दांत सांगता येत नाही, म्हणून हे कार्ड पुढे धरायचं आणि म्हणायचं, ठेव बोट. पोर बोट ठेवतं, जागृती आकडा लिहिते, आकडा डहाणूच्या ऑफिसातून मुंबईला जातो. संशोधन संशोधन म्हणतात ते पाड्यावर एवढंच असतं. बाकी सगळं धूळ, ऊन आणि स्कूटीचं पंक्चर.

त्या पोरांतल्या धाकलीनं चेहऱ्यांना नावं दिली होती. हसणारी ती थोरली बहीण भिकी. रडणारी ती स्वतः. आणि मधला, ना धड हसणारा ना धड रडणारा, तो म्हणजे जागृती. "तू कधी हसतच नाय, ताई," असं तोंडावर सांगायची आणि वर स्वतःच फिदीफिदी हसायची. पोर आगाऊ होती. ती गेली त्याला वर्ष उलटून गेलं, तरी जागृतीनं कुठंही कार्ड पुढे धरलं की समोरच्या मुलाच्या बोटाशेजारी तिला धाकलीचं बोट दिसायचं. सुजलेलं, नखात माती असलेलं. एकदा सरावली गावात तर ती मोठ्यानं बोलून गेली, "थांब ना गं, याला ठेवू दे." समोरच्या पोरानं घाबरून हात मागे घेतला. त्याच्या आईनं जागृतीकडे असं काही पाहिलं की ती चहा न घेताच निघाली.

अभ्यास असा होता. या दुखण्यात रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, कुठंतरी अडकून बसतात, आणि मग हाडं अशी ठणकतात की मोठा माणूसही गुरासारखा ओरडतो. त्यावर एक नवीन पावडर आली होती, रोज पाण्यात ढवळून प्यायची. निम्म्या मुलांना खऱ्या औषधाच्या पुड्या मिळणार होत्या आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या साध्या पावडरीच्या. नेहमीच्या गोळ्या सगळ्यांनाच चालू राहणार होत्या. कुणाच्या वाट्याला काय, ते संगणक ठरवणार. आईबापांना ठाऊक नाही, जागृतीला नाही, अभ्यासाच्या मुख्य डॉक्टर पागधरे मॅडमनासुद्धा नाही. पुडीवर फक्त मुलाचा नंबर. शेवटी ही गुपिताची गाठ सुटली की प्रत्येक घरी जाऊन कुणाला काय मिळालं ते सांगायचं, असा शब्द संमतीचे अंगठे घेताना दिलेला होता.

घोलवडच्या घरी जागृतीनं हे सांगितलं तेव्हा तिचे वडील, तात्या, चिकूच्या पेट्यांना खिळे मारत होते. हातोडी तशीच वर राहिली.

"म्हणजे निम्म्या लेकरांना तुम्ही पीठ चारणार?"

"पीठ नाही हो तात्या. आणि असं केल्याशिवाय औषध खरंच लागू पडतं की नाही, कळत नाही."

"कळेल की. जिच्या लेकराला पीठ मिळालं, तिला सगळ्यात आधी कळेल," तात्या म्हणाले आणि पुन्हा खिळे मारू लागले.

जागृतीला राग आला होता. शिकलेल्या पोरीला बापाच्या अशा बोलण्याचा येतो तसाच. आता मात्र ते बोलणं तिच्या मागे लागलं होतं. कारण धाकली आणि भिकी तात्यांच्याच वाडीत चिकू काढायला येणाऱ्या सोनीबाईच्या मुली. तलासरीच्या बाजूच्या एका पाड्यावरून ती यायची. दोघी मुलींना सिकलसेल, आणि दोघींना अभ्यासात आणलं ते जागृतीनं. सोनीबाईनं विश्वासानं अंगठा दिला तो अभ्यासाला नव्हे, वाडीवाल्यांच्या पोरीला.

गेल्या वर्षी भाद्रपदात धाकलीला ताप भरला, छाती धरली, आणि अँब्युलन्स डहाणूला पोचायच्या आतच ती गेली. तेव्हापासून जागृतीच्या मनात एकच किडा वळवळत होता. मी माझ्या हातानं त्या पोरीला साध्या पावडरीच्या पुड्या दिल्या असतील तर? ती "ताई, औषध आणलंस?" म्हणत धावत यायची, आणि मी तिच्या ओंजळीत काहीच ठेवत नसेन तर? नियमानं यात तिची चूक नव्हती. हे तिला सगळ्यांनी समजावलं, आणि त्यातलं अक्षरही तिच्या कामी आलं नाही.

२०१८ची दिवाळी झाली आणि गाठ सुटली. डहाणूच्या ऑफिसात पागधरे मॅडम संगणकासमोर बसल्या होत्या. औषधानं दुखणी कमी झाली होती, खूप नाही, पण झाली होती. जीव वाचतो का, हे एवढ्याशा मुलांवरून सांगता येत नाही, असं मॅडम म्हणाल्या. जागृतीला त्यातलं काही ऐकायचं नव्हतं. तिनं धाकलीचा नंबर सांगितला.

"औषध," मॅडम म्हणाल्या.

"खरं औषध? नक्की?"

"नक्की. बहिणीला साधी पावडर. खरं म्हणजे एका घरातली दोन मुलं एकाच गटात घ्यायला हवी होती. राहून गेलं. पुढच्या वेळी लक्षात ठेवू."

शेवटचं वाक्य जागृतीच्या कानावरून गेलं. तिचा जीव भांड्यात पडला होता. धाकलीला कुणी फसवलं नव्हतं. जे देण्यासारखं होतं ते पोरीला मिळालं होतं, तरी ती गेली. दुखणंच तसलं, त्याला कोण काय करणार. ती बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली, तोंड धुतलं, आणि दुसऱ्याच दिवशी तलासरीची वाट धरली. वर्षभरानंतर पहिल्यांदाच तिला पाड्यावर जावंसं वाटत होतं.

स्कूटी शाळेजवळ ठेवून पुढे बांधावरून चालत जायचं. भात कापून झालं होतं, खळ्यावर पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या. सोनीबाई अंगणात सुपानं भात पाखडत होती. भिकी कुडाला टेकून दप्तराचा तुटलेला पट्टा शिवत होती. शाळेची सुट्टी अजून संपली नव्हती. पोरगी उंच झाली होती, गालांवर चक्क मांस चढलं होतं.

मेलेल्याला निरोप देण्याचा विधी, धाकलीचा दिवस, अजून घातलेला नव्हता. आधी तिचा बाप लडक्या गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता म्हणून राहिला, मग पाऊस म्हणून, मग कापणी म्हणून. दिवस घातला नाही तोवर मेलेलं माणूस घराला सोडत नाही, आसपासच फिरतं, असं पाड्यावर मानतात. जागृतीला ते ठाऊक होतं. तिचा त्यावर विश्वास नव्हता, आणि तरी अंगणात पाय टाकताना तिनं उगाचच दाराकडे पाहिलं.

"सोनीबाई," ती म्हणाली, "अभ्यासाचं कळलं. कुणाला काय मिळालं ते सांगायला आलेय. ऐकून तुम्हाला बरं वाटेल."

सोनीबाईनं सूप खाली ठेवलं. जागृतीशी बोलताना ती जपून, बाजारातली मराठी बोलायची.

"थांब, बाय. आधी माझं ऐक. मंग सांग."

"सांगा ना."

"धाकली सारखी कण्हायची, तुला ठाऊक आहे. भिकीला कमी दुखायचं. तूच म्हणालीस, कुणाच्या पुडीत औषध आहे, कुणाच्या नाय. मला वाटलं, भिकीच्या पुडीत आहे, म्हणून ती बरी. होळी झाली तवा मी पुड्या बदलल्या. भिकीची धाकलीला, धाकलीची भिकीला. कोणाला सांगितलं नाय. दोघी माझ्याच ना? ज्या पोरीला जास्त दुखतं, तिला खरं औषध जावं. एवढंच केलं."

म्हणजे होळीपासून धाकली साधी पावडर पीत होती.

"बदलल्यावर भिकीला एकदापण दुखलं नाय," सोनीबाई म्हणाली. "आणि धाकली गेली. मंग मला भीती बसली, ती अजून आहे. सगळे विचारतात, दिवस का नाय घालत. कसा घालू? दिवसाला ती कोणाच्या तरी अंगात येईल, मला विचारेल, आई, माझं औषध कुठं गेलं? तिला काय सांगू मी? तिच्या तोंडातलं काढून हिला दिलं, असं सांगू?" तिनं डोळे पुसले नाहीत. जागृतीकडे नुसती पाहत राहिली. "आता तू सांग. धाकलीच्या पुडीत काय होतं?"

खोटं बोलायचं ठरवून माणूस खोटं बोलतं असं थोडंच आहे. समोर एक बाई बसलेली असते, तिला आत्ता, या क्षणी, एका शब्दानं मारता येतं किंवा जगवता येतं, आणि तोंड आपलं आपण उघडतं.

"दोघींच्या पुडीत औषधच होतं," जागृती म्हणाली.

"दोघींच्या?"

"हो. एकच औषध. तुम्ही बदललंत त्यानं काही फरक पडला नाही. या औषधाला अंगी लागायला वेळ लागतो, भिकीला होळीपर्यंत लागला. धाकलीचं दुखणंच मोठं होतं, सोनीबाई."

किती सफाईनं जमलं ते! औषध अंगी लागायला वेळ लागतो, हे तर तिनं जागच्या जागी रचलं. वर्षानुवर्षं खरे आकडे लिहिणारा हात, आणि जीभ ही अशी. पुड्या बदलल्याचं मॅडमना सांगायला हवं, हे तिला कळत होतं. सांगितलं की मॅडम स्वतः येणार, कोणत्या महिन्यापासून, कोणती पुडी, म्हणून अंगणात बसून विचारणार. सोनीबाई अडाणी होती, खुळी नव्हती. दुसऱ्याच प्रश्नाला तिला सगळं उमगलं असतं. नाही सांगायचं, जागृतीनं ठरवलं. मुंबईचा अभ्यास एका पुडीनं चुकला तर चुकू दे.

सोनीबाईनं इतका लांब श्वास सोडला की तो वर्षभर आत कोंडला होता असंच वाटावं. ती उठली, पाण्याचा तांब्या भरून आणला, जागृतीच्या हातात दिला आणि चक्क हसली.

"मंग घालू दिवस. लडक्या आलाय, वांगणातून नात्यातली माणसंपण येतील. या बुधवारीच घालू. भिके, ताईला ती मोठी काकडी दे. आणि सोड जा शाळेपर्यंत."

भिकी काकडी घेऊन पुढे चालू लागली. जागृतीला हलकं वाटायला हवं होतं. पाठीवर कुणाची तरी नजर असल्यासारखं वाटत होतं, म्हणून तिनं दोनदा मागे वळून पाहिलं. सोनीबाई केव्हाच सुपाशी बसली होती.

शाळेजवळ भिकी थांबली. काकडी स्कूटीच्या पुढ्यात ठेवली.

"ताई, तू खोटं सांगितलंस."

"असं का म्हणतेस गं?"

"माझी पुडी गोड होती. धाकलीची कडू. ती नाक धरून प्यायची, आई धपाटा घालायची तेव्हा प्यायची. मग होळीनंतर एकदम माझी कडू झाली."

दोन्ही पावडरींची चव सारखीच आहे, असं अभ्यासाच्या कागदात छापलेलं होतं. कुणीही मोठ्या माणसानं दोन्ही पुड्या एकामागून एक पिऊन पाहिल्या नव्हत्या.

"धाकलीची गोड झाली," भिकी म्हणाली. "ती किती खूश झाली. सरबत झालं, म्हणायची. मला चिडवून चिडवून प्यायची. मला कळलं आईनं बदललं ते. मी सांगणार होते तुला. तू आलीस, कार्ड धरलंस, आणि मी हसणाऱ्यावर बोट ठेवलं. खरंच दुखत नव्हतं, ताई. रात्री झोप लागायची. मला वाटलं, एवढा महिना जाऊ दे, मग सांगू."

तिचा आवाज अगदी साधा होता. शाळेतली गोष्ट सांगावी तसा. जागृतीला तिला जवळ घ्यायचं होतं, पण हात उचलला जाईना.

"तुझी चूक नाही यात, भिकी," ती म्हणाली. हेच वाक्य वर्षभर तिला सगळ्यांनी ऐकवलं होतं.

भिकीनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"बुधवारी ती माझ्याच अंगात येईल ना? तिच्या वयाच्या जवळची मीच आहे. आली तर बोलेल ती. सगळं बोलून टाकेल, आईला, बाबांना, सगळ्यांसमोर. मी रोज सांगते तिला, आईपुढे काही बोलू नको, मला काय करायचं ते कर. पण ती कुठं ऐकते माझं."

उन्हात शाळेचं पटांगण मोकळं पडलं होतं. दूर कुणीतरी बैल हाकत होतं. जागृती बीएस्सी झालेली, गेली चार वर्षं पाड्यापाड्यावर पोरांना रक्तातल्या पेशी का वाकड्या होतात ते चित्र काढून समजावणारी; मेलेली पोरं अंगात येत नाहीत, हे वाक्य तिच्याजवळ तयार होतं. ते म्हणण्याची तिची छाती झाली नाही.

"तू सांग ना तिला," भिकी म्हणाली. "तुझं ऐकायची."

"आत्ता?"

"इथंच असते ती. माझ्यामागून शाळेपर्यंत येते."

जागृतीनं भिकीच्या मागच्या रिकाम्या वाटेकडे पाहिलं. कसं उभं राहायचं, आवाज किती ठेवायचा, काही सुचेना. मग ती लहान मुलाशी बोलताना वाकावं तशी थोडी वाकली.

"धाकले," ती म्हणाली, आणि तिनं पिशवीतलं कार्ड काढून रिकाम्या वाटेपुढे धरलं.