अंगठ्याखालचा उंचवटा

“ह्या हाताचो माका भरवसो नाय गो. बाळाक न्हाण तूच घाल,” शेवंतीआई म्हणाल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी मानसी बाळंतपणाची रजा संपवून कॉलेजात रुजू होणार होती. सुनेला घरी बसवायची ही सासूबाईंची नवी सबब, असं तिला वाटलं. “तुमच्यासारखं कुणाला जमतं, आई?” म्हणत तिनं विषय मिटवून टाकला.

आता, महिनाभरानंतर, फिजिओथेरपीच्या वर्गात ती अबोलीच्या तळहातावर स्केचपेननं अंगठ्याचे स्नायू काढत होती.

“अंगठा छताकडे उचल. मी दाबते, तू हरायचं नाहीस.”

अबोलीनं जोर लावला. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा टणक झाला.

“मॅडम, हा भाग सपाट झाला तर?” मागून चैतन्यनं विचारलं.

“मनगटात नस दबलेली असू शकते. बोटं बधिर होतात, पकड जाते. हातातलं निसटतं…”

मानसी बोलता बोलता थांबली. हल्ली आई पेला दोन्ही हातांनी धरतात. भाकऱ्या थापणं तर कधीच बंद झालंय. परवा प्रसादासाठी पुढे आलेला त्यांचा तळहात तिला आठवला. अंगठ्याखाली पुसून टाकल्यासारखा सपाट.

आणि आत्ता चारकोपला घरी न्हाणाची वेळ. पाय पसरून बसलेल्या आई, पायांवर पालथं बाळ, तेलानं बुळबुळीत झालेलं.

“आलेच,” म्हणून ती बाहेर धावली. घरचा फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, तेच. मग तिनं शेजारच्या माधुरीताईंना लावला.

“ताई, आमच्याकडे जाता का? पटकन! बाळ—”

“अगं, हळू! बाळ माझ्याच मांडीवर आहे. न्हाऊन झोपलाय राजा.”

“आईंनी घातली आंघोळ?”

“मीच घालते की रोज. तू लिफ्टमध्ये शिरलीस की तुझ्या सासूबाई माझी बेल वाजवतात. धरायचं मी, पाणी ओतायचं त्यांनी.” माधुरीताई घुटमळल्या. “तुला सांगू नको म्हणाल्यात हं. ‘नोकरी सोडून बसतली ती,’ म्हणे.”

मानसीनं भिंतीला पाठ टेकली.



“आई कुठे आहेत?”

“घरी. पेजेचं पातेलं उतरवून येते म्हणाल्या. मघाशीच गेल्यात.”

“ताई, घरचा फोन त्या उचलत नाहीयेत, आणि त्या हातात गरम पातेलं! बाळाला कडेवर घ्या, पण जा. आईंना बघून या ना जरा. मी फोन ठेवत नाही.”