पाटीवरचं ‘शांत’

“डोळा मेंदूपेक्षा मोठा म्हणजे हा ढच असणार,” चष्मेवाली मुलगी म्हणाली.

“शक्य आहे,” मामा म्हणाले. “पण ज्याला लांबचा शत्रू आधी दिसतो आणि ताशी सत्तर किलोमीटर पळता येतं, त्याचं डोक्यावाचून फारसं अडत नाही.”

कठड्याबाहेरची तीस-पस्तीस मुलं हसली. प्राणिसंग्रहालयात शहामृगांची देखभाल करत मामांची सव्वीस वर्षं गेली होती. बहिणीची मुलगी हाताखाली कामाला लागल्यापासून सगळेच त्यांना मामा म्हणत. मुलांना माहिती सांगताना त्यांनी आकडे कधी फुगवले नाहीत. एक ढांग चार मीटरची. पायाला बोटं दोनच. पंख उडायला निकामी, पण पळताना वळण घ्यायला उपयोगी. लाथ पुढेच बसते, मागे नाही. आणि पुढे बसली की सिंहसुद्धा विचारात पडतो.

“तो वाळूत डोकं खुपसतो ना?”

“नाही. अंडी फिरवायला मान खाली घालतो. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, खुपसली. नीट न बघता बोलणाऱ्यांचा उद्योग आहे तो.”

“मग ह्याच्या पायांना रंग कुणी लावला?” चष्मेवालीने विचारलं.

“कुठला रंग?”

“लाल. नडग्या बघा ना. चोचपण.”

मामांनी पाहिलं. नडग्या त्यांना मातकट दिसल्या, कालच्यासारख्याच.

विणीच्या दिवसांत नराच्या नडग्या आणि चोच लाल होतात. लाल नराच्या कुंपणात कुणी जायचं नाही, चारा वरून टाकायचा, हा नियम मामांनीच घातलेला. रोज सकाळी नर पाहून ते फाटकावरच्या पाटीवर एक शब्द लिहीत: ‘शांत’ किंवा ‘बंद’. आज ‘शांत’ होतं.

पाच महिन्यांपूर्वी क्षयाच्या गोळ्या सुरू करताना डॉक्टरांनी बजावलं होतं, “लाल रंग फिका वाटला तर त्याच दिवशी या. वेळेत गोळी थांबवली तर नजर बहुधा परत येते. उशीर केलात तर हमी नाही.” दोन महिन्यांपूर्वी बाजारातले टोमॅटो विटलेले दिसले, तेव्हा मामांनी टोमॅटोंना दोष दिला. मग ढगाळ हवेला. मग वयाला. यातलं एकही कारण त्यांनी तपासलं नाही. डोळे अधू ठरले तर कुंपणाचं काम जाऊन तिकीटखिडकी नशिबी येणार, हे मात्र त्यांनी पक्कं हिशेबात धरलं होतं.

“तुला काय दिसतं रे?” त्यांनी शेजारच्या मुलाला विचारलं.

“लाल.”

“आणि तुला?”

“लालभडक.”

तीन साक्षी पुरे होत्या. तेवढ्यात आतल्या फाटकाची कडी वाजली. भाची बादली घेऊन आत शिरली होती.

नराने पंख पसरले.

“आडवी हो! पालथी! मानेवर हात!”

ती जमिनीला चिकटली. लाथ बादलीवर बसली. काटेरी फांदी बांधलेली काठी घेऊन मामा आत धावले. एवढ्या मोठ्या डोळ्याला काट्याचं भय असतं. नर फुत्कारत मागे हटला, आणि त्यांनी भाचीला ओढत बाहेर काढलं.

गुडघे सोलवटले होते, पाठीवर एक पाय पडला होता. हाडं शाबूत होती. बादली मधोमध दुमडली होती.

“तुला दिसलं नाही का गं?”

“दिसलं की. कालपासून लाल आहे.”

“मग आत गेलीस कशी?”

“पाटीवर तुम्ही शांत लिहिलं होतंत ना.” ती धापा टाकत होती. “म्हटलं, आपल्यालाच अजून नीट ओळखता येत नसेल. मामा म्हणतील ती पूर्व दिशा. आईने पहिल्याच दिवशी सांगितलंय.”

तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर मामांना सोसलं असतं.

अधीक्षक कागद घेऊन आले. त्यांनी मामांना बाजूला घेतलं. “पोरगी न विचारता आत गेली, असं लिहितो. नवी आहे, समज देऊन भागेल.”

“तसं नका लिहू. पाटी माझी होती. मला लाल दिसत नाही.”

“म्हणजे?”

“दिसत नाही. दोन महिने झाले.”

अधीक्षकांचं पेन थांबलं. “हे एकदा कागदावर आलं की तुम्हाला पुन्हा आत जाता येणार नाही, मामा. बघा बुवा.”

“लिहा. आणि आता अर्ध्या दिवसाची रजा द्या. डॉक्टरकडे जायचंय.”

मुलं अजून तिथेच होती. शाळेच्या बाई त्यांची डोकी मोजत होत्या.

“काका,” चष्मेवालीने हळूच विचारलं, “आता तो शांत झाला का?”

मामांचं तोंड सवयीने उघडलं आणि मिटलं. भाचीला हाताचा आधार देत त्यांनी कठड्याशी आणलं आणि स्वतः मुलांच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

“हिला विचार.”

भाचीने एकदा मामांकडे पाहिलं. मग बराच वेळ नराकडे.

“नाही अजून,” ती म्हणाली. “थोडं मागे व्हा सगळे.”

मुलांबरोबर मामाही एक पाऊल मागे सरले.