तळव्यावरच्या अळ्या

पाहुणे आले की आमच्या सरांच्या अंगात येतं. एरवी हा माणूस थंड खोलीकडे फिरकत नाही, पण चार कोटवाले समोर उभे राहिले की लगेच, चला, तुम्हाला गंमत दाखवतो. गंमत म्हणे! त्या गमतीपायी एका पोरीच्या वर्षभराच्या कामाची वाट लागली.

ती पोरगी म्हणजे मुंगी. आमच्या प्रयोगशाळेत डॉक्टरेट करते. चणीने लहान, कायम काहीतरी उचलून लगबगीने निघालेली, म्हणून नाव मीच ठेवलं. मी इथली तंत्रज्ञ. अळ्या सांभाळणं, तापमान बघणं, नोंदवही लिहिणं, बावीस वर्षं हेच करतेय.

मुंगीच्या अळ्या एका माशीच्या. रानझुडपाच्या खोडावर गाठ येते, तिच्यात बसून त्या हिवाळा काढतात. उणे पंधराला त्यांचा खडा होतो, बशीत टाकली तर टणकन वाजते. आणि ऊब मिळाली की बाईसाहेब पुन्हा वळवळायला मोकळ्या. मरत कशा नाहीत, हे मुंगीला शोधायचं होतं. तिने मला चहा पिता पिता समजावलं होतं. पेशीत सतत निरोप फिरतात, हे बनवा, ते बनवा. मायक्रोआरएनए नावाचे इवलेसे तुकडे असतात, ते यातले काही निरोप अडवून धरतात. मग थंडीत पेशी उगाच राबत नाही, साठवलेलं पुरवून खाते. गोठलेल्या अळीत यातले कोणते तुकडे वाढतात आणि कोणते घटतात, ते ती मोजत होती. अट एकच, अळी गोठलेलीच द्रव नायट्रोजनमध्ये गेली पाहिजे. मध्येच वितळली, तर आकड्यांवर भरवसा ठेवायचा नाही.

आणि सरांनी काय करावं? मुंगी वाचनालयात गेलेली असताना तिचा तीस अळ्यांचा ट्रे बाहेर काढला. दहा अळ्या पाहुण्यांच्या तळव्यांवर ठेवल्या. अळ्या वळवळल्या, पाहुणे खूश, फोटो झाले. अर्ध्या तासाने त्या माझ्या हातात देऊन म्हणाले, परत ठेवून द्या. मी ठेवल्या. त्याच ट्रेमध्ये. रात्रभरात पुन्हा खडा. सकाळी मुंगीने तीसच्या तीस नायट्रोजनमध्ये टाकल्या. तिला बिचारीला काय कळणार?

पाच-पाच अळ्यांचे सहा नमुने. त्यातले तीन भलतेच निघाले. सरांनी तिला दार उघडं ठेवून झापलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणूनच. हात गचाळ आहेत म्हणाले. तीन आठवड्यांनी गुरुवारी समिती बसणार, तिथे तिची शिष्यवृत्ती थांबवायला सांगणार आणि काम त्यांच्या लाडक्या विद्यार्थ्याला देणार. मी बाहेर नळ्या धूत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतः शेण खायचं आणि खापर त्या पोरीच्या माथ्यावर! दोन नळ्या माझ्या हातात फुटल्या.

मुंगीने सगळं पुन्हा तपासलं. यंत्र, रसायनं, हिशेब. डोळ्यांखाली काळं आलं. एक दिवस माझ्यासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"ताई, खरं सांगा, माझ्याच हातून काही चुकतंय का?"

"नाही गं," मी म्हणाले. एवढंच. दरवर्षी माझ्या नोकरीच्या कागदावर सरांची सही लागते. घरी येऊन सरांना शिव्या घातल्या, भांडी आपटली, नवऱ्यावर खेकसले. तोंड उघडायचं तिथे मात्र मूग गिळून बसले.

गुरुवारी राहवलं नाही. बोलावलं नसताना समितीच्या खोलीत घुसले आणि सगळं सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, त्या अळ्या मी टाकून द्यायला सांगितल्या होत्या. धडधडीत खोटं! समितीतल्या एका बाईंनी नोंदवही मागितली. नोंद नव्हती. पाहुण्यांचे खेळ लिहिलेले सरांना आवडत नाहीत, म्हणून मीच कधी लिहीत नसे.

"नोंद नाही," मी म्हणाले. "चूक माझी. पण त्या अळ्या मीच याच हातांनी ट्रेमध्ये परत ठेवल्या, आणि मला माहीत होतं की ठेवायच्या नसतात."

बाईंनी सरांकडे बघितलं. खोटंच बोलायचं तर ही स्वतःला कशाला अडकवेल, असं त्या म्हणाल्या. शिष्यवृत्ती राहिली. काम मात्र पहिल्यापासून करायचं. त्या अळ्या रानातल्या थंडीत हळूहळू तयार होतात, म्हणजे आता थेट पुढचा हिवाळा. मुंगीचं वर्ष गेलं ते गेलंच.

मुंगी माझ्यामागून बाहेर आली. मला वाटलं, गळ्यात पडेल.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मी विचारलं तेव्हाही?"

मी मान डोलावली. ती रडली नाही, ओरडलीही नाही. सरांचं काय, ते तसेच आहेत, म्हणाली.

"तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून 'नाही गं' म्हणालात, ताई. मी तीन आठवडे माझ्या हातांचा राग राग केला."

तिने हात पुढे केला आणि थंड खोलीची किल्ली मागितली. बावीस वर्षं ती माझ्याच कमरेला होती. मी काढून दिली.